जवळा, ताडपत्री आणि काळा घोडा

“मुंबईच्या प्रदर्शनात फोटो लागणार” असं पालघरजवळच्या आमच्या शिरगावात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “बक्षीस किती?” त्यामागोमाग, “पेपरात नाव येणार का?” दोन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं की समोरचा जरा ओशाळतो, आपल्यासाठीच. मग कोणीतरी धीर करून विचारतं, “मग मिळालं काय तुला?”

प्रश्न रास्त आहे. स्पर्धा सगळ्यांना कळते. नंबर येतो, ढाल मिळते, व्यासपीठावर बोलावून नारळ देतात. समूह प्रदर्शन हा प्रकार मात्र ज्यांनी आर्ट स्कूलचं तोंड पाहिलेलं नाही त्यांना कोणी समजावून सांगत नाही. मी त्यातलीच. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये, क्वालिटी कंट्रोलला, मी कामाला आहे. फोटो काढायचे ते सुट्टीला, नाहीतर सेकंड शिफ्टच्या दिवशी सकाळी घरातलं आवरून झाल्यावर. गेल्या वर्षी काळा घोड्याजवळच्या एका छोट्या दालनात भरलेल्या समूह प्रदर्शनात माझा एक फोटो घेतला गेला. त्या एका फोटोपायी जे जे शिकावं लागलं ते इथे सांगते.

आधी हे प्रकार वेगळे करून घ्यायला हवेत, कारण पैसे नेमके इथेच जातात. हौशी फोटोग्राफरांच्या जगात सगळ्यांत जास्त बोलबाला सलॉनचा. किमान तीन परीक्षक बसतात, फोटो एकामागून एक पडद्यावर येतात आणि काही सेकंदांत त्याला गुण पडतात. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की ‘ॲक्सेप्टन्स’. फियाप ही छायाचित्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली. तिच्या मान्यतेच्या सलॉनमधले ॲक्सेप्टन्स साठवत गेलं की पुढे नावामागे लावायला एएफआयएपीसारखी अक्षरं मिळतात. आपल्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासूनची. अशा संस्थांनी कित्येक बँकवाल्यांना, रेल्वेवाल्यांना आणि मास्तरांना कॅमेरा नीट धरायला शिकवलं. दुसरी वाट म्हणजे दालन स्वतः भाड्यानं घेणं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली, आणि तिथे जागा मिळवायची तर अर्ज करून, कामाचे नमुने दाखवून, वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. समूह प्रदर्शनाचं गणित याहून निराळं. कोणीतरी विषय ठरवतं, सगळ्यांकडून फोटो मागवतं, आणि निवडणारा माणूस एकेक फोटो सुटा न बघता पूर्ण भिंत डोळ्यांसमोर ठेवून निवड करतो.

चौथाही एक प्रकार आहे, त्याला प्रदर्शन म्हणायचं की धंदा हे वाचकांनी ठरवावं. “अभिनंदन, तुमचा फोटो निवडला गेला आहे” असा मेल येतो आणि खाली सहभाग शुल्काचा आकडा असतो. फोटो पाठवताना थोडी प्रवेश फी असणं सर्वमान्य आहे. निवड झाल्यावर हजारो रुपये मागत असतील तर त्यांनी फोटो निवडलेला नसतो, गिऱ्हाईक निवडलेलं असतं. असा एक मेल मलाही आला होता. मी तो घरात कोणाला दाखवलासुद्धा नाही, उगाच पेढे आणले असते.

हौशी माणसानं प्रदर्शनात जावं की नाही हा संकोच आपल्याकडे फार. वास्तविक मुंबईत फोटोग्राफी रुजली त्यात हौशी लोकांचा मोठा वाटा होता. दागेरचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. दोघं ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. नारायण दाजींनी तर दवाखाना सांभाळून फोटोग्राफी केली आणि सोसायटीच्या प्रदर्शनात आपली छायाचित्रं मांडली. त्या वेळी काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो उरकायचा असला खटाटोप होता. आमच्या लॅबमध्ये क्लोराइड तपासायला आजही सिल्व्हर नायट्रेटच वापरतात. बोटावर थेंब उडाला आणि तुम्ही उन्हात गेलात की तिथे काळा डाग उमटतो, तो साबणाला दाद देत नाही. नाडी बघायला आलेल्या रोग्यांनी नारायण दाजींची बोटं बघून काय विचार केला असेल, हे माझ्या मनात अधूनमधून येतं.

तर आमच्या प्रदर्शनाचा विषय होता ‘काम’, आणि प्रत्येकाला पाच फोटो पाठवता येणार होते. गावातल्या सगळ्यांचं मत एक होतं, की किल्ल्याचा पाठव. शिरगावचा किल्ला समुद्राला लागून उभा आहे. १७३९च्या सुरुवातीला, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, माहीम, केळवे, तारापूरच्या बरोबरीनं हाही मराठ्यांनी घेतला. आत फांद्या फुटलेला ताड आहे, तो बघायला लांबून माणसं येतात. पावसाळी ढगांखाली त्याच्या बुरुजाचा मी काढलेला फोटो निम्म्या गावाच्या फोनवर आहे. पण किल्ला काही काम करत नाही. तो पाठवायचा नाही एवढं मी ठरवलं आणि पाच निवडले. सातपाटी बंदरावर पापलेटचे क्रेट उतरवणारे खलाशी, नाइट शिफ्ट सुटल्यावरचं बोईसर स्टेशन, सुरूच्या बनातून काटक्या आणणाऱ्या बाया, बर्फ फोडणारा पोऱ्या, आणि पाचवा आमच्या शेजारच्या काकूंचा. पाचवा केवळ संख्या भरायला म्हणून टाकला होता.

निवडला गेला तो पाचवा.

फोटो असा आहे. मे महिना, आगोटीची बेगमी चाललेली. अंगणात निळी ताडपत्री अंथरली आहे आणि तिच्यावर जवळा वाळत घातलाय, गुलाबी-राखाडी, पातळ पसरलेला. वर दोरीवर शाळेचा युनिफॉर्म. उजव्या कडेनं एक हात आत आलाय, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्या, हातात बांबूची काठी. काकूंचा चेहरा चौकटीबाहेर राहिलाय. आणि ताडपत्रीवर मधोमध एका कावळ्याची सावली आहे, कावळा मात्र फोटोत कुठेच नाही.

आमच्या कारखान्यात पास-फेल ठरवायला स्पेसिफिकेशन असतं. औषधाचं प्रमाण अमुक ते तमुक टक्क्यांच्या आत आलं की बॅच पास, बाहेर गेलं की फेल, मग ती बनवताना कोणाचं किती रक्त आटलं हे कोणी विचारत नाही. निवड समितीकडेही असला काहीतरी कागद असेल अशी माझी समजूत होती. बंदरावरच्या फोटोसाठी मी पहाटे चिखलात उभी राहिले होते, तेव्हा तो पास होणार असं मी धरून चालले होते. उद्घाटनाच्या दिवशी निवड करणाऱ्या बाईंना मी विचारलंच. त्या म्हणाल्या, “तुमच्या बाकीच्या चार फोटोंत काय दिसणार हे मला नाव वाचूनच कळलं होतं. या फोटोत मला थांबावं लागलं. कावळा शोधत बसले मी.” उत्तर ऐकून बरं वाटलं आणि चिखलही आठवला.

दुसरं कारण शेजारच्या भिंतीवर होतं. माझ्या डावीकडे चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या कारागिराचा फोटो होता, उजवीकडे रात्री ओस पडलेल्या एका ऑफिसातल्या निळ्या खुर्च्यांची रांग. तो निळा आणि माझ्या ताडपत्रीचा निळा एकमेकांशी बोलत होते. समूह प्रदर्शनात शेजार असा मोजला जातो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ साली एडवर्ड स्टायकेननं ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन भरवलं, तेव्हा जगभरातून आलेल्या सुमारे वीस लाख फोटोंमधून ५०३ भिंतीवर गेले, ६८ देशांतले, २७३ फोटोग्राफरांचे. बाकीचे सगळे वाईट असतील असं थोडंच आहे. कित्येकांना त्या भिंतीवर शेजारी मिळाला नसेल, इतकंच. तेव्हा नकार आला तर आधी विषय पुन्हा वाचावा, मग रडावं.

निवड झाल्याच्या मेलमध्ये अभिनंदन एका ओळीत होतं आणि खाली पानभर सूचना. फ्रेमसकट माप काय हवं, कागद कसला, मागे तार कशी, फ्रेम कधीपर्यंत पोचवायची. इथून पुढचं काम मला सगळ्यांत जास्त आवडलं, आणि माझ्या मते हौशी माणूस कच्चा असतो तो इथेच. आपले फोटो जन्मभर काचेमागून उजेड घेऊन चमकत असतात. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडेल तेवढाच तो परत देतो. म्हणून फोनवर झकास दिसणारा फोटो छापला की काळवंडतो. उपाय साधा आहे, स्क्रीनचा ब्राइटनेस बराच खाली आणायचा आणि मगच फोटोवर काम करायचं.

मापाचं गणितही समजून घ्यावं. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० ठिपके धरतात. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे २० बाय साधारण १३ इंच बेधडक छापता येतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे जेमतेम पाच इंच. मूळ फाइल जपून ठेवा हे मी आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगते.

ताडपत्रीनं मात्र छळलं. स्क्रीनवर दाखवता येणारे सगळे रंग शाईला जमत नाहीत. विशेषतः तो भडक, नायलॉनसारखा निळा. छापून देणाऱ्या दादांनी आधी पूर्ण फोटो न छापता चार बोटं रुंदीची पट्टी छापली. निळा जांभळट आला होता, कोणीतरी ताडपत्रीवर जांभळाचा रस सांडावा तसा. दादांनी कागदाचं प्रोफाइल कॉम्प्युटरवर लावलं. हा कागद आणि ही शाई मिळून कोणता रंग कसा दिसेल हे त्यात आधीच कळतं. मग निळा थोडा फिका केला, त्यातली लाली काढली, पुन्हा पट्टी छापली. दोन पट्ट्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघितल्या, मग दुकानातल्या ट्यूबखाली. निळा शेवटी स्क्रीनसारखा आलाच नाही, पण अंगणातल्यासारखा आला. आमच्या घरची ताडपत्री उन्हानं विटलेलीच आहे, तेव्हा कागदच खरं बोलत होता.

कागद सुती घेतला. कापसाच्या धाग्यांचा, मॅट, हानेम्यूले नावाच्या जर्मन गिरणीचा. ही गिरणी १५८४ सालची आहे, म्हणजे अकबराच्या काळातली. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद येत नाही, पण दिव्याची तिरीप मारत नाही. माझ्या फोटोत खोल काळं काही नव्हतंच, कावळ्याची सावलीसुद्धा निळीच होती.

फ्रेमिंगला छपाईपेक्षा जास्त पैसे गेले, हे आधीच सांगून ठेवते. फोटो आणि काच यांच्यामध्ये जो पांढरा पुठ्ठा असतो, माउंट, तो केवळ शोभेचा नाही. त्यानं कागद आणि काच यांच्यात हवा राहते. दमट हवेत काचेला टेकलेला फोटो तिला चिकटतो आणि सोडवताना सोलून निघतो. माउंट आम्लरहित हवा, नाहीतर काही वर्षांत फोटोच्या कडेनं तपकिरी पट्टा चढतो. जुन्या घरातल्या आजोबांच्या फोटोंना असतो तोच. आणि फोटो मागच्या पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायचा नाही, वरच्या कडेला दोन पट्ट्यांवर टांगून सोडायचा. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी जखडला की त्याला सुरकुत्या पडतात.

दमटपणाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. शिरगाव, सातपाटी, केळवे या पट्ट्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू चोर नव्हे, बुरशी. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे फुटतात आणि काच कायमची खराब होते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की तिला आमंत्रणच, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर त्याखाली काही येत नाही. विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट मिळतात. ते जमत नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये. लॅबमध्ये डेसिकेटर सांभाळून माझी सवय झाली आहे. केशरी दाणे हिरवे पडले की वाळवायचे, पण त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरायचा नाही. आणि चामड्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवून बॅग कपाटात घालणं म्हणजे बुरशी पाळणं आहे.

फ्रेम मुंबईला न्यायची कशी हा पुढचा प्रश्न. काचेऐवजी ॲक्रिलिक लावून घेतलं होतं, ते हलकं आणि फुटत नाही, ओरखडे मात्र पटकन पडतात. फ्रेम चादरीत गुंडाळून मी पालघरहून सकाळची चर्चगेट लोकल धरली. बायकांच्या डब्यात एवढं धूड घेऊन शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून लगेजच्या डब्यात, मासळीच्या टोपल्यांशेजारी. “देवाचा फोटो गं?” एका मावशींनी विचारलं. जवळ्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी चादर काढायलाच लावली. विरार येईपर्यंत डब्यात चर्चा रंगली, की जवळा जरा जाड पसरलाय, मधला आतून ओला राहणार. प्रदर्शनात इतकं बारकाईनं पुढे कोणी बघितलं नाही.

दालनात फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर आणतात, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. लहान-मोठे सगळे फोटो त्या एका अदृश्य रेषेवर बसवतात, म्हणून भिंत शांत दिसते. घरी आपण फोटो दाराच्या वर टांगतो आणि मान दुखवून घेतो.

बाजूच्या पट्टीवर काय लिहायचं याचा मी फार घोळ घातला होता. ‘कष्टाचे मोती’ वगैरे सुचवणारी माणसं घरातच होती. शेवटी ‘जवळा, शिरगाव, मे महिना’ एवढंच ठेवलं. काकूंना आधी विचारलं होतं. कायद्यानं फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा. १९५७चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला कलाकृती मानतो, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तो हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं राहतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला तर मात्र, वेगळं ठरलेलं नसेल तर, हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. प्रिंट विकली म्हणून हक्क विकला जात नाही. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं बारीक अक्षरात असेल तर सही करू नये. पण कायदा काही म्हणो, अंगण काकूंचं, हात काकूंचा. विचारणं भाग होतं. त्या म्हणाल्या, “हातच आहे ना? मग काय विचारतेस.”

किमतीचं मात्र त्यांनी मन लावून ऐकलं. प्रत्येक फोटोखाली किंमत लिहावी लागते, आणि पहिल्यांदा ती लिहिताना हात अडखळतो. छपाई, फ्रेम, प्रवासाचा खर्च धरायचा, दालनाचा वाटा धरायचा, जो बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो, आणि एकूण किती प्रती काढणार ते ठरवून प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीनं आकडा घालायचा. मी दहाच प्रती ठरवल्या. किमतीवरून आठवतं, होमाई व्यारावाला जे. जे.मध्ये शिकलेल्या, पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे पहिले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले तेव्हा फोटोमागे एक रुपया मिळाला होता. माझा आकडा ऐकून काकू म्हणाल्या, “एवढ्यात तर पोतंभर जवळा येईल.” हिशेब त्यांचा बरोबर होता, मी बाजारभाव काढून बघितला.

फोटो विकला गेला नाही. एका शाळकरी मुलीनं मात्र आईला ओढत आणून कावळा दाखवला, आणि आईला तो सापडेना.

प्रदर्शन संपल्यावर फ्रेम घरी आणली. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, तिथे ती टांगता येणार नव्हती, म्हणून वर्तमानपत्रात नव्हे तर स्वच्छ सुती कापडात गुंडाळून पलंगाखाली उभी करून ठेवली. काकूंना म्हटलं, पुढची प्रत तुमच्या घरी लावू या. त्यांना ती नको होती. त्यांनी मला त्याच सकाळचा दुसरा फोटो शोधून काढायला लावला, ज्यात त्या काठी टेकून, पदर नीट घेऊन थेट कॅमेऱ्याकडे बघतायत आणि जवळा कडेला जेमतेम दिसतो. तो पालघरच्या स्टुडिओतून सहा बाय आठमध्ये छापून, लॅमिनेशन करून दिला. तो आता त्यांच्या टीव्हीच्या वर, दाराच्याही वर, छताला लागून आहे.